बिनलग्नाचा चौक

माझं लग्न ठरलं तेव्हा पाड्यातल्या जाणत्या माणसांनी पहिला प्रश्न मला विचारला नाही, नवऱ्या मुलालाही नाही. बाबांना विचारला. "हिचं ठरलं, चांगलं झालं. तुझं कधी?"

बाबा तेव्हा पन्नाशी ओलांडलेले. ते उठले, शेळीला पाणी दाखवायचं राहिलंय म्हणाले आणि जे गेले ते दिवस मावळल्यावर उगवले. शेळी सकाळीच पाणी पिऊन बसली होती.

आमच्यात, म्हणजे वारल्यांत, असं पुष्कळ घरांत असतं. दोघांचं जमलं की मुलगी नांदायला येते आणि संसार सुरू होतो. लग्नाचा मांडव मग सवडीनं. यंदा भात बरं आलं की घालू, छपराचं काम उरकलं की घालू. सवड येत नाही, पोरं येतात. कुणी त्यात वावगं मानत नाही. फक्त पोरांच्या लग्नाआधी आईबापाचं लागायला हवं. सकाळी आईबाप आणि दुपारी पोरगी, असं एकाच मांडवात झालेलं मी पाहिलंय, आणि त्या दिवशी सगळ्यात जास्त लाजत होती ती आई.

आमचा पाडा डहाणू आणि तलासरीच्या शिवेवर. घर डहाणूत, विहीर तलासरीत. कागदावर आम्ही कुठले हे विचारलं की मी सरळ म्हणते, तहान लागली की तलासरीचे. मी तेव्हा कासाला एका दवाखान्यात केसपेपर काढायच्या खिडकीवर होते. दिवसभर "नाव सांगा, वय सांगा, रांगेत या" करून माझा आवाज चांगलाच मोठा झाला होता, आणि राग तर माझ्या नाकाच्या शेंड्यावरच राहतो. त्या रात्री मी बाबांना जेवढं बोलता येईल तेवढं बोलले. ते भाकरी कुस्करत राहिले. शेवटी मान खाली घालून म्हणाले, "नाचवतील मला."

आमच्याकडे नवऱ्याला खांद्यावर घेऊन नाचवतात. तारपा वाजतो, पोरं बेभान होतात, आणि नवरा वर लोंबकळत असतो. माझ्या बापाला एवढ्याच गोष्टीची लाज. गेल्या तीस वर्षांत चार वेळा लग्न ठरलं होतं आणि चारही वेळा हा माणूस आयत्या वेळी पळाला. एकदा पाय मुरगळला, एकदा उंबरगावला कामाला गेला, एकदा गाय व्यायली. चौथ्यांदा कारणसुद्धा सांगितलं नाही, नुसता पळाला.

मला माझ्या लग्नाची काळजी नव्हती. मी आईसाठी चिडले होते. वारल्यांच्या लग्नात घरातल्या भिंतीवर चौक लिहितात. आम्ही चौक काढला असं म्हणत नाही, लिहिला म्हणतो. भिंत शेणानं सारवायची, वर गेरू द्यायचा, आणि तांदळाच्या पिठाचं पाणी करून बांबूच्या काडीनं रेघा ओढायच्या. मधोमध देवी, आजूबाजूला सूर्य, चंद्र, फणी, शिडी, आणि भोवती नक्षीची चौकट. देवी आली की लग्न लागतं. आणि हा चौक लिहायचा तो सवाशिणींनी. आमच्या पाड्यात सवाशीण म्हणजे जिचं लग्न लागलंय अशी. नुसती नांदणारी चालत नाही.

माझ्या आईसारखा हात अख्ख्या पंचक्रोशीत नाही. मुलगी म्हणून नाही सांगत. कापडावरची तिची चित्रं मुंबईहून लोक येऊन घेऊन जातात. तिची माणसं इतकी बारीक की सुईनं टोचल्यासारखी, आणि तरी प्रत्येक जण वेगळा चालतो. पण लग्नघरात ती उंबऱ्याच्या बाहेर. तिथून मान लांब करून सांगायची, "डावीकडे जाड झालं. फणीला दात कमी पडले." आतल्या बायका म्हणायच्या, "अगो, मग तू का नाही येत?" आणि मग सगळ्या एकदम गप्प व्हायच्या, कारण का येत नाही ते सगळ्यांना माहीत.

माझं ठरलं तसं तिनं मला सांगून टाकलं. "तुझा चौक मी लिहिणार. दुसऱ्या कुणी लिहिला तर त्या दिवशी मी घरात थांबणार नाही. रानात जाऊन बसेन." ती असं सहसा बोलत नाही. मला कळलं की ती खरंच जाऊन बसेल.

त्या दिवसापासून तिनं बाबांशी बोलणं टाकलं. एका घरात, एका चुलीपाशी, आणि मी मध्ये टपालखातं. "तुझ्या बापाला सांग, कोयता कुठे ठेवलाय." बाप समोर बसलेला. "तुझ्या आईला सांग, मेढीला अडकवलाय." दोन आठवडे मी या दोघांना भंडावलं आणि त्यांनी मला.

त्यातच मुंबईचं बोलावणं आलं. दोन हजार सतरा साल, भात झोडून झालेलं, थंडीचे दिवस. आईच्या गटाची चित्रं विकत घेणाऱ्या एका बाईंनी गटाला मुंबईतलं आधुनिक कलेचं संग्रहालय दाखवायचं ठरवलं. गाडी त्यांचीच. "तिथे जुन्या मोठ्या चित्रकारांचा कायमचा संग्रह आहे, तुम्ही बघायला हवा," असं त्यांनी फोनवर मला सांगितलं आणि मी ते बायकांना सांगितलं. बायकांनी विचारलं, दुपारचं जेवण आहे का. आहे म्हटल्यावर अकरा जणी तयार झाल्या.

शिवाय धवलेरी. धवलेरी म्हणजे लग्न लावणारी, चौकापुढे बसून गाणी म्हणणारी. आमची धवलेरी म्हातारी, दात तीनच, पण आवाज असा की पलीकडच्या पाड्यातली कुत्री उभी राहतात. तिला चित्रांशी काही घेणं नव्हतं. खिडकीजवळची जागा मिळणार असेल तर येते म्हणाली.

आणि बाबा. त्यांना कुणी बोलावलंच नव्हतं. पण पूर्वी कधीतरी वसईच्या खाडीत रेती काढायला गेलेला हा माणूस, त्यामुळे मुंबई त्याला पाठ. "ड्रायव्हर चुकला तर?" म्हणून पुढच्या सीटवर जाऊन बसले. चारोटीला हायवे लागल्यापासून ड्रायव्हरला सांगत होते, सरळ घे. रस्ता सरळच होता. आई मागून मला म्हणाली, "तुझ्या बापाला सांग, गाडीला रस्ता दिसतोय."

संग्रहालयाच्या दारात आमचा पहिला घोळ झाला. आम्ही सगळ्यांनी चपला काढल्या. जिथे भिंतीला इतकं जपलंय तिथे चपला घालून कसं जायचं? गार्ड म्हणाला, नाही नाही, घालून या. बायका म्हणाल्या, नाही नाही, राहू दे. मग दोन्हीकडून बराच वेळ आग्रह चालला. शेवटी चपला हातात घेऊन गेलो. फरशी अशी गार की धवलेरी दर दोन पावलांना एक पाय वर उचलत होती.

आम्हाला दाखवायला एक मॅडम होत्या, तरुण, खादीचा कुर्ता, बोलणं पुण्याकडचं आणि अगदी गोड. त्यांनी आम्हाला एका मोठ्या कॅनव्हासपुढे उभं केलं. पांढराशुभ्र. वरपासून खालपर्यंत पांढरा, त्यावर काहीही नाही. मॅडम काही बोलायच्या आत आमची मावशी म्हणाली, "सारवून ठेवलीय. लिहिणारी अजून आली नाही."

सगळ्यांनी माना हलवल्या. एकीनं मला विचारलं, पीठ कुठे भिजवतात इथे. मॅडमनी सांगितलं की हेच चित्र आहे, पूर्ण झालेलं, आणि फार प्रसिद्ध आहे. आमच्या बायका परक्या घरी कुणाला वाईट वाटू देत नाहीत. थोडा वेळ विचार करून मावशी म्हणाली, "सारवण मात्र चांगलं झालंय. कुठे भेग नाही."

मी तोंडात पदर कोंबला. माझ्या शेजारच्या काकीनं ते पाहिलं आणि तिचं सुटलं. मग आम्ही थांबलोच नाही. हसू म्हणजे खरूज, एकीला झालं की सगळ्यांना. पुढच्या खोलीत नागव्या माणसाचा दगडी पुतळा होता, त्याला मुंडकं नव्हतं, हात नव्हते. काकी म्हणाली, "एवढं सगळं गेलं आणि नको तेवढंच राहिलं." तिथल्या बाकावर आम्ही चौघी अक्षरशः कोसळलो. एक म्हातारा गृहस्थ वहीत काहीतरी टिपत होता, त्यानं चष्म्यावरून बघितलं. मॅडमही हसायला लागल्या, पण त्यांना नोकरी होती, म्हणून भिंतीकडे तोंड करून हसल्या.

बाबा खालच्या हॉलमध्येच अडकले. तिथे गंजलेल्या पत्र्यांचा, पाइपांचा एक डोंगर जोडून ठेवला होता, माणसाच्या दुप्पट उंच. बाबांनी त्याला तीन फेऱ्या मारल्या. हे कुणी, कशानं, कुठून जोडलं असेल ते त्यांना शोधायचं होतं. मी म्हटलं चला वर, तर म्हणाले, "हे कधीही पडेल. मी बघतो इथे." आम्ही त्यांना तिथेच सोडलं.

खरं सांगते, मला वाटलं होतं की बायका कंटाळतील. पण त्या बघत होत्या, आणि मला दिसत नव्हतं ते त्यांना दिसत होतं. एका बाईचं चित्र होतं, नाक बाजूनं आणि दोन्ही डोळे समोरून. मी म्हटलं हे काय वेडंवाकडं. मावशी म्हणाली, "आपण बैल बाजूनं लिहितो आणि शिंगं समोरून, तसं. नाहीतर एक शिंग लपेल." एवढं सोपं. पुढे एक भिंतभर चित्र होतं, नुसते ठिपके, लाख तरी असतील. आई त्याच्यापुढे उभी राहिली ती हलेचना. नाक जवळजवळ टेकवलं तेव्हा गार्ड पुढे आला. आई मॅडमना म्हणाली, "हे एकाच हाताचं आहे. इथून सुरू केलं. इथे त्याचा हात दुखला, ठिपके मोठे झाले. मग तो उठला, दुसऱ्या दिवशी आला, इथे बघा, पुन्हा बारीक."

मॅडम त्या चित्राजवळ गेल्या, लांब गेल्या, पुन्हा जवळ गेल्या. "मी चार वर्षं रोज हे चित्र दाखवते," त्या म्हणाल्या, "मला हे कधी दिसलं नाही." आई लाजली. मला तर तिथल्या तिथे फुगडी घालावीशी वाटली. ही माझी आई, असं त्या चष्मेवाल्या म्हाताऱ्याला जाऊन सांगावंसं वाटलं. सांगितलंच. तो म्हणाला, अच्छा.

मग आम्ही वर गेलो, आणि वरच्या हॉलमध्ये शिरताच सगळ्यांचं हसू बंद झालं.

समोरच्या भिंतीवर चौक होता. लग्नाचा चौक. लाकडी चौकटीत मातीची भिंतच करून बसवलेली, तिला गेरू दिलेला, आणि त्यावर देवी, सूर्य, चंद्र, फणी, शिडी, भोवती चार पदरी नक्षी. रेघा थोड्या पिवळ्या पडलेल्या, पण हात आपल्याकडचा. शेजारच्या पाटीवर लिहिलं होतं की हा लग्नचौक आहे, कलाकारांची नावं ठाऊक नाहीत, कायमच्या संग्रहातला.

धवलेरी पुढे झाली. कंबरेवर हात ठेवून तिनं चौक वरपासून खालपर्यंत वाचला. मग मॅडमना विचारलं, "कुणाचं लग्न?"

मॅडमना प्रश्न समजला नाही. मी समजावून सांगितलं. "नाही, तसं कुणाचं नाही," मॅडम म्हणाल्या. "पुष्कळ वर्षांपूर्वी तुमच्या भागातल्या बायकांना बोलावून संग्रहालयासाठी करून घेतला होता."

"लग्नच झालं नाही?"

"नाही."

"गाणं?"

"बहुतेक नाही."

बायकांमध्ये कुजबूज सुरू झाली. चौक लिहायचा म्हणजे देवीला बोलवायचं. बोलावून बसवलं आणि पुढे काहीच केलं नाही, मांडव नाही, गाणं नाही, नवरा-नवरी नाही, असं आमच्यात कुणी ऐकलंसुद्धा नव्हतं. धवलेरीनं विचारलं, "आता इथून कधी काढणार?" मॅडम म्हणाल्या, "कायमचा संग्रह म्हणजे हा इथेच राहणार. नेहमी."

"म्हणजे ही नेहमी अशीच वाट बघत बसणार."

काकीच्या तोंडाला कधीच कुलूप नसतं, तिनं माझ्या आईकडे बघून म्हणून टाकलं, "दोघींची गत एकच."

आईनं मान वळवली. मला काकीचा राग आला आणि काकीचं खरं होतं याचा त्याहून जास्त आला.

धवलेरी खाली बसली. चौकाजवळ कुणी जाऊ नये म्हणून फरशीवर पिवळी पट्टी होती, तिच्या अलीकडे, मांडी घालून. म्हणाली, "निदान हिला गाणं तरी ऐकवते. तेवढं तरी हिच्या कानावर पडू दे." आणि तिनं आवाज लावला.

त्या हॉलला छत उंच. आवाज वर गेला, फिरला, दुप्पट होऊन खाली आला. गार्ड धावत आला आणि दोन पावलांवर थांबला. मॅडमनी फोन काढून कुणालातरी हळूच विचारलं, तिकडून काय उत्तर आलं कोण जाणे, पण त्या म्हणाल्या, "त्यांना वाटतंय हा कार्यक्रमाचाच भाग आहे. चालू द्या." इतर लोक गोळा झाले. कुणी खुर्च्यांवर, कुणी आमच्यासारखे खाली.

धवलेरीचं गाणं देवीला बोलावतं, मग डोंगर, नदी, झाडं सगळ्यांना बोलावतं, आणि मग एका जागी नवरी आणि नवऱ्याचं नाव घालावं लागतं. त्याशिवाय पुढे सरकत नाही. ती त्या जागी आली आणि थांबली. पुन्हा मागची ओळ घेतली. पुन्हा थांबली. आमच्या सगळ्यांकडे एकेक करून बघितलं. आणि मग तिनं माझ्या आईचं नाव घातलं.

आई उभी होती ती मटकन बसली. पुढच्या ओळीत बाबांचं नाव आलं, त्यांच्या बापाचं आलं, पाड्याचं आलं. तीन दातांच्या त्या तोंडातून ते नाव जिन्यानं खाली गेलं, पत्र्यांच्या डोंगरापर्यंत पोचलं, आणि खालून धावत्या पायांचा आवाज वर आला. बाबा. कुणीतरी संकटात आहे असं वाटून आले असणार. दारात उभे राहिले, दोन्ही हातांत चपला. समोर चौक, चौकापुढे धवलेरी, तिच्या बाजूला आई, आणि तीसेक मुंबईकर त्यांच्याकडे बघताहेत.

मला वाटलं आता हा पळणार. मी दाराकडे सरकले, वेळ पडली तर शर्ट धरायचा म्हणून.

पण बाबा पळाले नाहीत. त्यांनी सगळीकडे नजर टाकली आणि गार्डजवळ गेले. "इथे नाचायला चालतं का?" अगदी हळू आवाजात विचारलं.

गार्डनं टोपी सरळ केली. "नाचायला? नाही. इथे पळायलाही नाही चालत."

"कुणाला खांद्यावर घेऊन?"

"अजिबात नाही."

"नक्की?"

"नियम आहे," गार्ड म्हणाला.

बाबांच्या चेहऱ्यावर मी असा आनंद त्याआधी बघितला नव्हता. तीस वर्षं हा माणूस जो मांडव शोधत होता तो त्याला सापडला. ते धवलेरीपुढे गेले आणि म्हणाले, "मग इथेच लाव. आत्ता लाव."

बायकांनी टाळ्या पिटल्या. काकीनं माझ्या पाठीत असा धपका मारला की माझा श्वास अडकला. सगळ्यांनी आईकडे पाहिलं. आई उठली, लुगड्याचा काष्टा नीट केला, आणि दोन आठवड्यांत पहिल्यांदा बाबांशी सरळ बोलली.

"मी नाही उभी राहणार," ती म्हणाली. "अजून दोन खोल्या बघायच्या राहिल्यात."

आणि निघाली. बाबा तिच्या मागे. आम्ही सगळ्या त्यांच्या मागे, मुंबईकर आमच्या मागे. धवलेरी तिथेच बसून राहिली, एकदा बसली की उठायला तिला दोघी लागतात. आई एकेका चित्रापुढे थांबायची. काळ्या चौकोनापुढे थांबली, निळ्या चौकोनापुढे थांबली, काचेच्या पेटीतल्या मोडक्या खुर्चीपुढे तर इतकी थांबली की मला वाटलं हिला ती घरी न्यायचीय. बाबा दोन पावलं मागे, हातात चपला. एकदा म्हणाले, "झालं का?" आई म्हणाली, "घाई आहे का?" बाबांनी चपला या हातातून त्या हातात घेतल्या. मॅडमना सगळी गोष्ट मी एव्हाना सांगितली होती, आणि त्या इतक्या मन लावून एकेक चित्र समजावत होत्या की मला संशय आला, या मुद्दाम लांबवताहेत. बाईमाणूसच ती शेवटी.

शेवटची खोली संपली तेव्हा आईनं मागे वळून पाहिलं. बाबा होते. ती चालायला लागली, परत वरच्या हॉलकडे, आणि या वेळी तिनं त्यांना बरोबरीनं चालू दिलं.

चौकापुढे दोघं उभी राहिली. मावशीनं आपला पदर अंतरपाट म्हणून मध्ये धरला. तांदूळ टाकायला गार्डनं मनाई केली, पण स्वतःची टोपी काढून हातात धरली. धवलेरीनं उरलेलं गाणं पुरं केलं, नावांपाशी न अडखळता. हळकुंड कुणाच्या तरी पिशवीत निघालंच, आमच्या बायका घराबाहेर पडताना काय काय घेऊन निघतात ते विचारू नका. ते बाहेर पाण्याच्या कूलरजवळ उगाळून लावलं. बाबांच्या शर्टाच्या कॉलरला डाग पडला. म्हणाले, राहू दे.

परतीच्या गाडीत गाणी संपेनात. मनोर मागे पडेपर्यंत माझा घसा बसला. पाड्यात बातमी आमच्याआधी पोचली होती, काकीकडे फोन होता आणि पोटात काही राहत नाही. दिवेलागणीला गाडी विहिरीपाशी आली तर तारपा घेऊन अख्खा पाडा रस्त्यावर. बाबांनी ड्रायव्हरला सांगितलं, सरळ घे. ड्रायव्हरनं ब्रेक मारला. पोरांनी दार उघडून त्यांना असं अलगद उचललं की पाय जमिनीला लागलेच नाहीत. विहिरीपासून घरापर्यंत नाचवत नेलं, म्हणजे तलासरी तालुक्यातही नाचवलं आणि डहाणू तालुक्यातही. सुरुवातीला बाबा ओरडत होते. अर्ध्या वाटेत बघितलं तर वर बसून हात हलवताहेत.

दुसऱ्या दिवशी जाणती माणसं बसली. हे लग्न धरायचं की नाही? मांडव नाही, ताडी नाही, घरची भिंत नाही. बराच खल झाला. धवलेरी कोपऱ्यात विडी ओढत होती. शेवटी म्हणाली, "चौक होता. देवी केव्हाची येऊन बसली होती. गाणं मी म्हटलं. मी म्हटलेलं लागत नसेल तर तुमच्यापैकी कुणाचंच लागलेलं नाही, जा आपापल्या घरी आणि बायकांना सांगा." त्यांची सगळ्यांची लग्नं तिनंच लावली होती. विषय तिथेच मिटला.

माझं लग्न त्यानंतर महिन्याभरानं. सकाळी भिंत सारवून, गेरू देऊन सुकवली. धवलेरीनं सवाशिणींना आत बोलावलं. मावशी गेली, काकी गेली, आणखी दोघी गेल्या. आई अंगणात बसली होती, पलीकडे चुलीवर मोठ्या भगुण्यात भात चढवलेला, ती ढवळायला उठली.

"तू कुठे चाललीस?" धवलेरीनं आतून विचारलं.

"भात बघते."

"भात तुझा नवरा बघेल."

आई तशीच उभी राहिली, हातात उलथनं. इतक्या वर्षांची सवय, आता आपण सवाशीण आहोत हे तिच्या अजून ध्यानातच आलं नव्हतं. बाबा पुढे आले, त्यांनी तिच्या हातातलं उलथनं काढून घेतलं आणि चुलीपुढे बसले. आई आत गेली. मावशीनं पिठाची वाटी पुढे सरकवली. आई भिंतीसमोर किती वेळ नुसती बसली. कुणी घाई केली नाही. मग तिनं काडी बुडवली आणि पहिली रेघ ओढली, वरून खाली, एका दमात. मी दारातून बघत होते. नवरीनं रडायचं असतं ते नंतर, निघताना. मी तेव्हाच रडून घेतलं, मोठ्यानं, आणि मला कुणी गप्प केलं नाही.

बाबांनी आयुष्यात कधी भात रांधला नव्हता. तो खाली लागला, चांगला काळा होईपर्यंत लागला. दोनशे माणसं जेवली. पुरुष कुरकुरले, पोरांनी पत्रावळीच्या कडेला सारला. आईच्या बोटांना अजून पीठ होतं. तिनं तो भात दोनदा मागून घेतला.